उणे एकशे अठरा

कूह्मोच्या पुढे अठ्ठावीस किलोमीटर,
तळ्याकाठी योउनीने आईसाठी घर बांधलंय.
बाहेर उणे चोवीस, आत एकवीस,
आणि फोनवर काहीच नाही.
तक्रारीचा कागद माझ्या खिशात, मीटर गळ्यात.

मागच्या लाकडी ओट्यावरून टॉवर दिसतो,
पलीकडच्या काठावर, पाइनच्या शेंड्यांमधला लाल दिवा.
साडेतीन हजारांचा बँड. उणे ब्याऐंशी. वेग सहाशेच्या वर.
योउनी म्हणाला, आहे की!
मी एक पाऊल आत टाकलं, दार लावलं.
उणे एकशे अठरा.
या मुलुखात सगळेच आकडे उणे असतात,
पण हा मेलेला आहे.

भिंतीला कान असतात म्हणतात.
या भिंतींत चकचकीत फॉइल आहे,
आणि काच तीन पदरी, तिच्यावर धातूचा इतका पातळ थर
की तळं दिसतं, बर्च दिसतात, कोल्ह्याची पावलं दिसतात,
फक्त ऊब बाहेर जात नाही
आणि लाट आत येत नाही.
ऊब आणि लाट सख्ख्या बहिणी, मी योउनीला सांगितलं,
एकीला दार लावलं की दुसरीलाही लागतं.
त्याने वीजबिल आणून दाखवलं. निम्मं झालंय.

मग मी हात पुढे करून बोटांवर मोजलं :
वरच्या बँडची लाट ही एवढी, चार बोटांहून जरा जास्त.
तिचा रस्ता ऐसपैस, अख्खे सिनेमे वाहून नेते,
पण पानाला अडते, ओल्या बर्फाला अडते,
तुझ्या काचेला तर लांबूनच पाठ दाखवते.
सातशेची लाट हातभर लांब.
तिचा बोळ अरुंद, मोठी गाडी शिरत नाही त्यात,
तरी ती खर्जासारखी.
शेजारच्या खोलीत गाणं कुठलं चाललंय ते कळत नाही,
खर्ज मात्र उशीपर्यंत येतो.
या घरात तोही येत नाही म्हणा.

मग आईला फोन लागतो कुठे?
योउनीने मान खाजवली.
सौनात.

सौना त्याच्या आजोबांच्या हातचं. काळे पडलेले ओंडके, मध्ये शेवाळ,
तळहाताएवढी खिडकी, साधी काच, तडकलेली लांबी.
सातशेचा बँड, उणे एकशे चार. दोन दांड्या.
चूल विझलेली. राउहा लोकरीची टोपी घालून बाकावर,
फोन पळीशेजारी, स्पीकर चालू.
रोज चार वाजता लुलेओतली नर्स
लेम्पीच्या कानाशी फोन धरते.
लेम्पी शरद ऋतूपासून बोललेली नाही.
"ऐका," राउहा म्हणाल्या, "श्वास घेतेय."

मी ऐकलं.
बारीक सस्स, सस्स, दुरून वाळू सरकावी तसं.

मला जे ठाऊक आहे ते असं :
कोणी बोलत नसलं की पलीकडचा फोन जवळजवळ काही पाठवत नाही,
बँड वाचवतो.
आणि अलीकडचा फोन आपल्या मनानेच
थोडी खरखर तयार करून कानात सोडतो,
ऐकणाऱ्याला लाइन तुटली असं वाटू नये म्हणून.
ओउलूच्या प्रशिक्षणात मास्तर त्याला
दिलाशाचा आवाज म्हणायचे. आम्ही हसलो होतो.

श्वासही असेल.
माझ्या मीटरला हा फरक कळत नाही.

मी म्हटलं, छपरावर अँटेना लावते, वायर आत आणते,
स्वयंपाकघरात सगळं येईल. बहिणीचं चित्रसुद्धा.
"लावा," त्या म्हणाल्या, "योउनीला बरं वाटेल."
आणि बाकावर थोड्या सरकल्या, मला जागा करून.
आम्ही दोघी त्या खरखरीत बसून राहिलो,
तोंडाची वाफ पळीवर गोठेपर्यंत.

गाडीत हीटर लावून अहवाल भरला.
घरातील कव्हरेज : नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, सौना, समाधानकारक.
मग ते समाधानकारक खोडलं,
उणे एकशे चार लिहिलं.